कोठीतला संगणक : एका छंदाचे परीक्षण

शाळेची कोठी आवरण्याचे काम कुणालाच आवडत नाही. पवनारच्या परिसरातील एका शाळेत काही वर्षांपूर्वी ते निघाले, तेव्हा प्रयोगशाळेतले जुने सामान ओळखून देण्यासाठी मला बोलावणे आले. मी नुकतीच निवृत्त झाले होते आणि मोकळी होते. फुटके बीकर, गंजलेल्या तुळया आणि काटा अडकलेले व्होल्टमीटर यांच्या ढिगातून शिपाईदादांनी पिवळट पडलेला एक जड डबा ओढून काढला. त्याला पुढून कळा होत्या. ते म्हणाले, "बाई, हा टाइपरायटर भंगारात देऊन टाकू का जी? कागद घालायला जागाच नाही याला."

तो टाइपरायटर नव्हता. तो बीबीसी मायक्रो नावाचा संगणक होता. शेजारी बिस्किटांच्या डब्यात तीन ध्वनिफिती होत्या. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये त्याची नोंद एका ओळीत होती : 'संगणक संच, नग 1', आणि शेऱ्याच्या रकान्यात 'बंद'. निर्लेखनाच्या यादीत त्याचे नाव चढले होते. मुख्याध्यापकांची सही झाली असती, तर आठवडाभरात त्याचे किलोवर वजन झाले असते.

जुने घरगुती संगणक शोधणे, दुरुस्त करणे आणि चालवणे हा आता जगभर एक छंद झाला आहे. त्यावरचे लिखाण बहुधा कौतुकाचे असते. 'आमच्या लहानपणी' या शब्दांनी ते सुरू होते आणि तिथेच संपते. मला येथे कौतुक करायचे नाही, परीक्षण करायचे आहे. शाळेने आणि शिक्षकाने हा छंद धरावा का? धरायचा तर कोणत्या रूपात? आणि या छंदात नेमके काय जपले जाते, प्लास्टिकचा डबा की आणखी काही?

हे संगणक कोणते?

1977 च्या सुमारास अमेरिकेत जोडून तयार असलेले छोटे संगणक दुकानात मिळू लागले. ब्रिटनमध्ये डिसेंबर 1981 मध्ये एकॉर्न या केंब्रिजच्या कंपनीचा बीबीसी मायक्रो आला, आणि 1982 मध्ये सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम. या यंत्रांचे काही गुण सारखे होते. कळफलक आणि संगणक एकाच पेटीत असे. पडदा म्हणून घरातला दूरचित्रवाणी संच चाले. आज्ञावली साठवायला गाण्याचा टेपरेकॉर्डर पुरे. आणि बटन दाबताच, काही भरून घेण्याची वाट न पाहता, यंत्र 'बेसिक' या भाषेत तुमच्या आज्ञेची वाट पाहू लागे.

बीबीसी मायक्रोच्या 'बी' नमुन्याची स्मृती 32 किलोबाइट होती. आजच्या साध्या फोनने काढलेला एक फोटोही त्यात मावणार नाही. त्यातील 6502 हा प्रक्रियक सेकंदाला वीस लाख ठोक्यांच्या गतीने चाले. बेसिक भाषा 16 किलोबाइटच्या कायम स्मृतीत कोरलेली होती. ती सोफी विल्सन यांनी लिहिली. यंत्राच्या रचनेत त्यांच्या बरोबरीने स्टीव्ह फर्बर होते. याच दोघांनी पुढे एआरएम हा प्रक्रियक रचला, आणि त्याचे वंशज आज जवळजवळ प्रत्येक मोबाइल फोनमध्ये आहेत. कोठीतला तो डबा आणि शिपाईदादांच्या खिशातला फोन हे असे एका घराण्यातले आहेत.

आपल्याकडे ही यंत्रे मुख्यत्वे शाळांच्या वाटेने आली. 1984-85 मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' या नावाने ओळखला जाणारा शालेय संगणक साक्षरता प्रकल्प सुमारे अडीचशे शाळांत सुरू केला. त्यासाठी बीबीसी मायक्रोची निवड झाली. हीच रचना पुढे सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने 'एससीएल युनिकॉर्न' या नावाने भारतात काढली. दशक संपेपर्यंत प्रकल्प अडीच हजारांच्या आसपास शाळांपर्यंत पोचला. घरोघरी मात्र ही यंत्रे फारशी गेली नाहीत. डेसिबेल्स या भारतीय कंपनीचा परवान्याने बनवलेला 'डीबी स्पेक्ट्रम' काही घरांत पोचला, तेवढेच. म्हणून 'घरगुती संगणक' हा शब्द आपल्यासाठी थोडा फसवा आहे. ब्रिटनमधल्या छंदिष्टाला जुने यंत्र पोटमाळ्यावर सापडते. आपल्याला ते शाळेच्या कोठीत शोधावे लागते, आणि तेही निर्लेखनाच्या आधी.

कसोटी कोणती लावायची?

परीक्षणाला कसोटी लागते. ती दूर शोधायला नको. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला जी शिक्षण परिषद भरली, तिच्यातून नई तालीम उभी राहिली. तिचा गाभा साधा होता : मूल हाताने उपयोगाचे काम करते आणि त्या कामातून गणित, विज्ञान, भूगोल शिकते. टकळी हे सूत काढण्याचे साधन, पण सूत मोजताना गणित येते, कापूस पिंजताना वनस्पतिशास्त्र येते. तो प्रयोग किती यशस्वी झाला यावर मतभेद आहेत, आणि असावेत. कसोटी मात्र आजही कामाची आहे. एखादी वस्तू शाळेत ठेवावी की नाही हे ठरवताना विचारावे : या वस्तूमुळे विद्यार्थ्याच्या हाताला काम मिळते का, आणि त्या कामातून डोक्याला काही मिळते का?

या छंदाची तीन रूपे दिसतात. तिघांनाही हाच प्रश्न विचारून पाहू.

पहिले रूप : संग्रह

पहिले रूप संग्राहकाचे. त्याला यंत्र मूळ खोक्यासह हवे असते. खोके न उघडलेले असेल तर किंमत वाढते. प्लास्टिक पिवळे पडले असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइडचा लेप देऊन, अतिनील किरणांत ठेवून ते पुन्हा पांढरे करतात. या पिवळेपणामागे रसायनशास्त्र आहे. आग लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये ब्रोमीनची संयुगे घालत. प्रकाशाने आणि उष्णतेने त्यांच्यात आणि मूळ प्लास्टिकमध्ये बदल होऊन रंग उतरतो. शुद्ध केलेले प्लास्टिक काही वर्षांनी पुन्हा पिवळे पडू शकते, आणि प्रक्रिया चुकली तर ठिसूळ किंवा डागाळही होते.

संग्राहकाला नावे ठेवणे सोपे आहे, पण त्याच्यामुळेच पुष्कळ यंत्रे वितळण्यातून वाचली. तरी कसोटी लावली की उत्तर स्पष्ट येते. न उघडलेल्या खोक्यातील यंत्राकडून विद्यार्थ्याला काहीच मिळत नाही. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात तऱ्हेतऱ्हेचे चरखे आहेत. तिथे सहल नेली की मुले पाच मिनिटांत पुढे सरकतात. तोच चरखा कुणी फिरवून दाखवला, धागा तुटू दिला, पुन्हा जोडला, की मुले तिथून हलत नाहीत. वस्तू तीच, पण ती चालू असण्याने फरक पडतो. इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्क येथील राष्ट्रीय संगणक संग्रहालयाने हे ओळखले आहे. तिथे बीबीसी मायक्रो काचेआड ठेवलेले नाहीत. जुन्या वर्गासारखी एक खोली करून ते ओळीने मांडले आहेत आणि येणारी मुले त्यांवर आज्ञावल्या लिहितात.

संग्रहाला मी म्हणून शंभरापैकी पस्तीस गुण देते. पास, पण वरच्या वर्गात घालताना विचार करावा लागेल.

दुसरे रूप : दुरुस्ती

दुसरे रूप दुरुस्तीचे. आमच्या डब्याचे आम्ही हेच केले, म्हणून येथे थोडे तपशिलात जाते.

चाळीस वर्षे बंद असलेल्या यंत्राला सरळ वीज जोडणे ही पहिली चूक असते. वीजपुरवठ्याच्या भागात, मुख्य प्रवाहाच्या वाटेवर, गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. जुन्या प्रकारात आत धातूचा मुलामा दिलेला कागद असतो. वरचे आवरण वयाने तडकते, आत दमट हवा शिरते, आणि वीज जोडताच काही मिनिटांत धूर निघतो. त्यामुळे आधी ते बदलायचे. हे काम विद्यार्थ्यांना देऊ नये. वीजपुरवठ्यात तीनशे व्होल्टच्या वरचा दाब असतो आणि बटन बंद केल्यावरही काही काळ टिकतो. जुन्या काचनळीच्या दूरचित्रवाणी संचात तर तो हजारोंच्या घरात जातो. हा भाग आम्ही वर्ध्याच्या एका जुन्या टीव्ही दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडे सोपवला. चिमट्याने एकेक सांधा सोडवताना ते म्हणाले, "अशी पाटी आता कोणी आणून देत नाही. आजकालचं सगळं फेकून द्यायचं असतं."

बाकीचे काम दहावीच्या मुलामुलींनी केले. पेटीचे स्क्रू काढले. मऊ कुंचल्याने धूळ झाडली. आत एक वाळलेले गांधीलमाशीचे घर निघाले. बीबीसी मायक्रोच्या बऱ्याच चिपा सॉकेटमध्ये बसवलेल्या असतात. उन्हाळा-हिवाळ्यातील प्रसरण-आकुंचनाने त्या हळूहळू वर सरकतात. आपला विदर्भ 45 अंशांपर्यंत तापतो, तिथे हे अधिकच. बोटाने एकेक दाबून बसवणे ही अर्धी दुरुस्ती असते. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातले प्रसरण त्या दिवशी मुलांच्या अंगठ्याला कळले.

मग यंत्र संचाला जोडले. आधी खालचा आणि मग वरचा, असे दोन स्वर ऐकू आले. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या तीन ओळी उमटल्या, आणि शेवटी एक बाणासारखे चिन्ह. मुले गप्प होती. एकीने विचारले, "आता काय?" हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. आजचा संगणक सुरू झाला की चित्रांची रांग दाखवतो आणि 'यातले निवडा' म्हणतो. हा संगणक काहीच दाखवत नाही, तुमची वाट पाहतो.

दुरुस्तीच्या रूपाचा आणखी एक गुण आहे. बीबीसी मायक्रोच्या मागच्या बाजूला एक खाच आहे. तिथून बाहेरचा विद्युतदाब मोजता येतो, आणि बेसिकमधील एका शब्दाने तो आकडा आज्ञावलीत घेता येतो. थर्मिस्टर, म्हणजे तापमानाप्रमाणे रोध बदलणारा छोटा मणी, आणि एक साधा रोध एवढे जोडले की तापमापक तयार होतो. हा थर्मिस्टर आम्ही पातळ नळीत बसवून धाम नदीच्या पाण्याच्या बादलीत सोडला, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाणी कसे तापते आणि निवते याचा आलेख पडद्यावर काढला. आकडा आणि तापमान यांचे नाते सरळ रेषेचे नाही हे मुलांना स्वतःच कळले. त्यासाठी बर्फाचे पाणी आणि उकळते पाणी घेऊन मापन जुळवून घ्यावे लागले.

दोष सांगायलाच हवेत. हे रूप महाग नसले तरी वेळखाऊ आहे. सुटे भाग संपत चालले आहेत. या यंत्रातील काही चिपा केवळ त्याच यंत्रासाठी बनवल्या होत्या. चित्र तयार करणारी तशी एक चिप जळाली, तर मूळ चिप बहुधा दुसऱ्या बीबीसी मायक्रोतून काढूनच मिळते. म्हणजे एक वाचवायला दुसरे मारावे लागते. 'जुनी यंत्रे पूर्ण उघडी होती, नवी बंद आहेत' हे छंदिष्टांचे आवडते वाक्य म्हणून अर्धेच खरे आहे. पाटीवरच्या जोडण्यांचा नकाशा दुरुस्ती-पुस्तिकेत छापलेला आहे, हे खरे. त्या खास चिपांच्या पोटात काय आहे हे मात्र त्या नकाशावरून कळत नाही, हेही तितकेच खरे.

आणि एका यंत्रावर चाळीस मुले बसू शकत नाहीत. 'क्लास' प्रकल्पाचा मोठा दोष तोच होता. शाळेला मोजके संच मिळत, तास आठवड्यातून मोजके. संगणक कुलुपात आणि किल्ली एकाच शिक्षकाकडे. तो शिक्षक बदलून गेला की खोली बंद. यंत्रे खराब होण्याआधीच निरुपयोगी झाली. जुन्या दिवसांची गोडी गाताना हे विसरू नये.

तिसरे रूप : नक्कल

तिसरे रूप इम्युलेटरचे. आजच्या संगणकावर किंवा फोनवर अशी आज्ञावली चालवायची की ती जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करते. प्रक्रियकाची प्रत्येक सूचना, स्मृतीचा प्रत्येक कप्पा, पडद्यावरचा प्रत्येक ठिपका ती हिशेबाने तयार करते. बीबीसी मायक्रोचे चांगले इम्युलेटर फुकट मिळतात.

सच्चा छंदिष्ट याला नाक मुरडतो. मला ते योग्य वाटत नाही. चाळीस मुलांचा प्रश्न इम्युलेटर एका दिवसात सोडवतो. धूर निघण्याची भीती नाही, आणि सुटे भाग शोधायचे नाहीत. यंत्र मध्येच थांबवून स्मृतीत काय आहे हे पाहता येते, ते खऱ्या यंत्रावर सोपे नसते. जिथे एकही जुने यंत्र उरलेले नाही, तिथे हा छंद याच रूपात शक्य आहे.

त्याची मर्यादाही स्पष्ट आहे. इम्युलेटरला मागे खाच नाही. धामचे पाणी किती तापले हे त्याला कळत नाही. जुने यंत्र गरम होते, त्याची कळ अडकते, फीत नीट वाचली गेली नाही तर डोके चाळवून पुन्हा प्रयत्न करावा लागतो. हा अनुभव नकलेत येत नाही. म्हणून मी दुसऱ्या आणि तिसऱ्या रूपाची जोडी लावते : एक खरे यंत्र प्रयोगासाठी, आणि नकला सर्वांच्या सरावासाठी.

एका पुस्तकाबद्दल आणि एका अक्षराबद्दल

बीबीसी मायक्रोबरोबर येणारी जॉन कॉल यांची 'युजर गाइड' ही या छंदातील सर्वांत दुर्लक्षित वस्तू आहे. पाचशेहून अधिक पानांचे हे पुस्तक तारेच्या वेटोळ्यात बांधलेले असल्याने टेबलावर उघडे राहते. दोन्ही हात कळफलकावर असताना याचे मोल कळते. बेसिकच्या प्रत्येक शब्दाला स्वतंत्र नोंद आहे : हेतू काय, उदाहरणे, वर्णन, लिहिण्याची रीत, नात्यातले शब्द, आणि शेवटी करून पाहायची छोटी आज्ञावली. आपल्या किती पाठ्यपुस्तकांत संकल्पना अशी हाताशी दिलेली असते?

पण पुस्तक इंग्रजी, यंत्रही इंग्रजी. या छंदात शिरणारा मराठी शिक्षक येथे अडखळतो, आणि अडखळावेच. आम्ही मुलांना सांगितले, या यंत्राला 'पवनार' लिहायला शिकवा.

या यंत्रात नवे अक्षर बनवता येते. आठ ओळी आणि आठ स्तंभ यांची चौकट आखायची, भरलेल्या घराला 1 आणि रिकाम्याला 0 म्हणायचे. डावीकडून घरांच्या किमती 128, 64, 32, 16, 8, 4, 2, 1. प्रत्येक ओळीची बेरीज करायची. 'प'ची पहिली ओळ शिरोरेखेची, सगळी घरे भरलेली, म्हणून 255. पुढच्या तीन ओळींत डावी आणि उजवी अशा दोन रेषा, 64 अधिक 4, म्हणजे 68. पाचव्या ओळीत दोन्ही रेषांना जोडणारे वळण, 32, 16, 8 आणि 4 मिळून 60. खाली उरला दांडा, तीन ओळी 4, 4, 4. हे आठ आकडे 'व्हीडीयू 23, 224' या आज्ञेच्या पुढे लिहिले की 224 क्रमांकाचे अक्षर 'प' होते. चौकटीच्या वहीतला 'प' पडद्यावर आला तेव्हा वर्गात टाळ्या पडल्या. द्विमान पद्धतीवर मी पूर्वी कित्येक तास घेतले असतील. टाळ्या पहिल्यांदाच ऐकल्या.

मग अडचणी सुरू झाल्या, आणि खरे शिक्षणही. यंत्र सुरू होते त्या पडद्यावर, ज्याला सातवी पद्धत म्हणतात, स्वतःची अक्षरे चालतच नाहीत. आधी दुसरी पद्धत निवडावी लागते, आणि तिला स्मृती जास्त लागते. नव्या अक्षरांसाठी सहज मिळणाऱ्या जागा 32. मराठीची मुळाक्षरेही त्यात मावत नाहीत, मग काने-मात्रा आणि जोडाक्षरे कुठली? एका मुलाने विचारले, "म्हणजे हे बनवणाऱ्यांच्या डोक्यात आपण नव्हतोच का?" नव्हतो. जुन्या यंत्राने ही गोष्ट आठ गुणिले आठच्या चौकटीत उघडी दाखवली. 'ही यंत्रे सर्वांसाठी होती' असे म्हणणाऱ्या कौतुकाच्या लेखांत ती दिसत नाही.

काय जपायचे?

आता त्या तीन फितींकडे वळू. बीबीसी मायक्रो माहिती आवाजाच्या रूपात फितीवर लिहितो. 1200 हर्ट्झचे एक आवर्तन म्हणजे 0. 2400 हर्ट्झची दोन आवर्तने म्हणजे 1. दोहोंना वेळ सारखाच लागतो, हे मुलांना पडताळायला सांगावे. एका बाइटला आरंभ आणि अंताची खूण धरून दहा चिन्हे, म्हणून सेकंदाला 120 बाइट. सगळी 32 किलोबाइट स्मृती उतरवायची तर निव्वळ हिशेबाने साडेचार मिनिटे.

फिती आम्ही टेपरेकॉर्डरवरून आजच्या संगणकात ध्वनी म्हणून भरून घेतल्या, न आकसता, पूर्ण प्रतीत. त्या आवाजातून पुन्हा बाइट काढणाऱ्या आज्ञावल्या उपलब्ध आहेत. पहिली फीत पूर्ण वाचली गेली. तिच्यावर पाढ्यांची एक साधी आज्ञावली होती. कुण्या विद्यार्थ्याने की शिक्षकाने लिहिली, नाव नाही. 'शाब्बास' आणि 'पुन्हा कर' हे शब्द रोमन लिपीत होते. दुसरी फीत बुरशीने खाल्ली होती, निम्मीच वाचता आली. तिसरीवर नंतर कुणीतरी भजने भरून घेतली होती. शेवटचे भजन संपल्यावर काही सेकंद ती जुनी किरकिर ऐकू येते, आणि फीत संपते.

बीबीसी मायक्रो जगात लाखोंनी बनले. त्यातले पुष्कळ उत्तम स्थितीत आहेत. आमचा डबा भंगारात गेला असता तरी बीबीसी मायक्रो नावाची वस्तू नष्ट झाली नसती. पण या परिसरातल्या एका वर्गात कुणीतरी 'शाब्बास' लिहिणारी आज्ञावली रचली होती, याचा जगातील एकमेव पुरावा त्या फितीवर होता. छंदिष्ट यंत्रामागे धावतात आणि फिती फेकून देतात. माझ्या परीक्षणातला या छंदावरचा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे.

ब्रिटनमधले एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. 1086 साली तिथे राजाने जमिनींची मोठी नोंद करवून घेतली, ती 'डूम्सडे बुक'. तिच्या नवशे वर्षांनिमित्त 1986 मध्ये बीबीसीने नवी नोंद केली. देशभरातील शाळांतील मुलांनी माहिती आणि छायाचित्रे पाठवली. ती सारी लेसर तबकड्यांवर साठवली, आणि त्या वाचायला बीबीसी मायक्रोचाच पुढचा भाऊ, बीबीसी मास्टर, आणि एक खास यंत्र लागे. पंधरा-सोळा वर्षांतच ती वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली, आणि माहिती सोडवण्यासाठी विद्यापीठांना स्वतंत्र प्रकल्प करावा लागला. 1086 चे चामड्यावरचे पुस्तक मात्र अजून वाचता येते.

आपल्याला याचे आश्चर्य वाटू नये. पवनारच्या पांढरीखाली जुन्या वस्त्यांचे थर आहेत. 1967 मध्ये नागपूर विद्यापीठाने तिथे उत्खनन केले. विनोबांच्या आश्रमाच्या शेतात खणताना भरत-रामाच्या भेटीचे शिल्प सापडले, ही गोष्ट इथल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. वा. वि. मिराशी यांच्या मते वाकाटकांचे प्रवरपूर ते हेच. काही संशोधक ते मनसरला मानतात. पाचव्या शतकात प्रवरपुराहून दिलेले दुसऱ्या प्रवरसेनाचे ताम्रपट आज वाचता येतात. पण मध्ये कित्येक शतके अशी गेली की तांबे शाबूत होते आणि लिपी वाचणारे कुणी उरले नव्हते. 19 व्या शतकात विद्वानांनी ती वाचायला पुन्हा शिकून घेतली, तेव्हा ते पत्रे बोलू लागले. वस्तू टिकवणे म्हणजे निम्मेच काम. ती वाचणारे टिकवणे हे उरलेले निम्मे, आणि ते शिक्षकाचे आहे.

शाळेने काय करावे?

सगळ्या शाळांनी संगणकाचे संग्रहालय काढावे असे मी म्हणणार नाही. जागा नाही, पैसा नाही, आणि नादुरुस्त विद्युत सामान वर्षानुवर्षे कोंबून ठेवणेही बरे नाही. त्यात शिसे असते. ई-कचऱ्याचे नियम आपल्याकडे 2012 पासून लागू आहेत, आणि असे सामान नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच जायला हवे, गावातल्या भंगारवाल्याच्या भट्टीत नव्हे.

पण निर्लेखनाच्या यादीवर सही होण्यापूर्वी विज्ञान शिक्षकाने कोठीत एकदा जावे. यंत्रावरचे नाव आणि क्रमांक लिहून घ्यावा, छायाचित्र काढावे. फिती, तबकड्या, हस्तलिखित वह्या बाजूला काढून आधी त्यांची नक्कल करावी. यंत्र चालू करता येण्याजोगे असेल तर जाणकाराला दाखवावे, नसेल तर जिथे ते चालवतील तिथे द्यावे. आणि त्या खोलीत ज्यांनी शिकवले, ते निवृत्त शिक्षक गावात असतील तर त्यांना चहाला बोलावून मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. या शेवटच्या कामाला ना वीज लागते ना सुटे भाग, आणि त्याला उशीर मात्र परवडत नाही.

आमच्या शाळेने तो डबा यादीतून वगळला. तो आता प्रयोगशाळेत आहे. आठवड्यातून एकदा दोन स्वर ऐकू येतात. मागच्या वर्षी आठवीच्या मुलींनी पाढ्यांच्या त्या जुन्या आज्ञावलीत दुरुस्ती करून 'शाब्बास' देवनागरीत आणण्याचा घाट घातला. 'श' आणि 'स' झाले आहेत. 'ब्बा' आठ घरांत बसत नाही. दोन चौकटी शेजारी जोडाव्यात की काय, यावर अजून वाद चालू आहे.